जुन्या जीपचा मागचा आक्सल बदलायचाय? आधी फीत आणि खडू घ्या, गॅस कटर नंतर

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न नीट वाचला, थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. चोपड्याकडची आजोबांची साठच्या दशकातली सीजे३बी जीप, मूळची पेट्रोल, नंतर कधीतरी डिझेल इंजिन बसवलेलं. मागचा आक्सल ४०-५० च्या स्पीडला रडतो, डावा हब ढिला होऊन चावीगाळा (हब आणि शाफ्टमधली चावी बसायची खाच) खाल्ला गेलाय. जळगावच्या मिस्त्रीने एमएम५४० (महिंद्राचीच नंतरची जीप) च्या भंगारातला अख्खा मागचा आक्सल प्रोपेलर शाफ्टसकट (आक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) दाखवलाय, तो म्हणतो सरळ बसतं, दोन दिवसाचं काम, आणि वरून रेशो लांब आहे त्यामुळे गाडी पळेल पण. आणि तुम्हाला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत गाडी रस्त्यावर पाहिजे.

आता माझं मत सरळ सांगतो. आक्सल बदलायला माझा विरोध नाही, टेपर शाफ्टच्या (टोक निमुळतं, हब वेगळा) जागी फ्लॅन्जवाला शाफ्ट (चाकाची तबकडी अंगचीच) येत असेल तर चांगलंच आहे. पण ह्या गाडीत मागचा आक्सल हा एकटा पार्ट नाहीच. ट्रान्सफर केसपासून (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या आक्सलला वाटणारी पेटी) टायरपर्यंत एक लाईन आहे आणि पुढच्या आक्सलला ती रस्त्यातून जोडलेली आहे. एक टोक बदललं की बाकीच्या सगळ्या ठिकाणी हिशोब बदलतो. हा हिशोब आधी कागदावर केला तर काम खरंच सोपं आहे, नाही केला तर गाडी आखाजीला रस्त्यावर येईल आणि पोळ्याला परत घोडीवर चढेल.

पहिलं म्हणजे, आक्सल खराब आहे हे नक्की का? चावीगाळ्याचं समजलं, ते डोळ्याला दिसतं. पण रडण्याचं कारण वेगळं असू शकतं. मोकळ्या रस्त्याला घ्या, धुळे-जळगाव हायवेला पहाटे गर्दी नसते तेव्हा बरं पडतं. ऍक्सिलरेटर दाबलेला असताना आवाज येतो आणि सोडला की जातो, तर क्राऊन-पिनियनच्या (आक्सलमधल्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीच्या) दातांची ओढणारी बाजू घासलीय. उलट ऍक्सिलरेटर सोडल्यावर, गाडी इंजिनला ढकलत असताना आवाज वाढतो, तर बहुतेक पिनियन बेअरिंग ढिलं झालंय, प्रिलोड (बेअरिंगला मुद्दाम दिलेला ताण) गेलाय. दोन्ही वेळेला सारखाच घरघराट, फक्त स्पीडप्रमाणे कमीजास्त, तर बेअरिंग. वळणावर एका बाजूला वाढतो, तर चाकाचं बेअरिंग. आणि गाडी उचलताना किंवा रिव्हर्स टाकताना मागून ‘ठक’ असा एकच आवाज येतो तो कधी प्रोपेलरच्या क्रॉसचा (टोकाच्या वाकणाऱ्या सांध्याचा) असतो, कधी ढिल्या चावीचा, आणि ढिल्या चावीचा असेल तर तशी गाडी मुळीच चालवू नका. टेपरवाल्या शाफ्टवर हब फक्त टेपरच्या पकडीवर आणि नटवर असतो, चावी ही जोर ओढायला नाही तर जागा धरून ठेवायला. पकड गेली की सगळा जोर चावीवर येतो, ती कापली जाते, आणि शाफ्ट बाहेरच्या टोकाला तुटला तर चाक हबसकट बाहेर निघून जातं.

आता त्याहून मोठी एक गोष्ट. ह्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटला जो छोटा ड्रम आहे त्याला असतो. म्हणजे हँडब्रेक पकडतो प्रोपेलर शाफ्टला, आणि शाफ्टमार्फत आक्सलला. तुम्ही प्रोपेलर खोलला की हँडब्रेक ओढलेला असला तरी मागची चाकं मोकळी, गिअरमधे टाकून ठेवली तरी मोकळी. आणि प्रोपेलर जागेवर असताना सुद्धा मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे खालचं चाक फिरू शकतं कारण उचललेलं चाक उलटं फिरतं आणि शाफ्ट जागच्या जागी राहतो. उतारावर गाडी लावून हँडब्रेकच्या भरवशावर कोणी खाली गेला तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी, चॅसिसखाली दोन घोड्या, आणि मगच स्पॅनर हातात. हे मी पोरांना दर वेळेला सांगतो आणि सांगत राहणार, कारण ह्या कामात माणूस मरतो तो इथेच.

आता रेशोकडे येऊ, कारण खरा निर्णय इथे आहे. रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर किती फेरे घेतो, आकडा लहान तो रेशो लांब.

सीजे३बी ला मूळ ५.३८ चा रेशो, क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. महायुद्धातल्या एमबी जीपला ४.८८ होता, ३९ ला ८. नंतरच्या गाड्यांमधे ४.८८ पण सापडतो, ४.२७ पण सापडतो, आणि भंगारातल्या आक्सलवर काय आहे ते मिस्त्रीच्या तोंडी शब्दावर धरू नका कारण वीस-तीस वर्षांत कोणी काय आत टाकलं असेल ते बाहेरून दिसत नाही. मोजायला काही लागत नाही. आक्सल जमिनीवर ठेवा, पिनियन फ्लॅन्जवर खडूने खूण करा, हाऊसिंगवर समोर एक खूण, मग दोन्ही हब बरोबरीने एक पूर्ण चक्कर फिरवा आणि फ्लॅन्ज किती फिरतो मोजा. पाच आणि तिसऱ्या भागाहून थोडा जास्त, तर ५.३८. पाचला थोडा कमी, तर ४.८८. सव्वाचार, तर ४.२७. एकटेच असाल तर एक हब पक्का धरा आणि दुसरा दोन चक्कर फिरवा, उत्तर तेच येतं. पण शक्य असेल तर मागचं कव्हर खोलूनच बघा. क्राऊनच्या कडेला दातांचे आकडे ठोकलेले असतात, आणि कव्हर खोललं की दात, ऑईलचा रंग, तळाला बसलेला चुरा बठ्ठंच एका नजरेत दिसतं. कव्हर खोलू देत नाही असा विकणारा असेल तर तो आक्सल घ्यायचा नाही.

आता ‘लांब रेशो, गाडी पळेल’ ह्याचा हिशोब बघा. तुमचा टायर ६.००-१६ धरतो, एका चक्करमधे साधारण २.२ मीटर जातो. ६० च्या स्पीडला गाडी मिनिटाला १००० मीटर जाते म्हणजे चाक मिनिटाला साधारण ४५५ फेरे. टॉप गिअर डायरेक्ट असल्यामुळे इंजिन फिरतं ५.३८ ला सुमारे २४४५, ४.८८ ला २२२०, ४.२७ ला १९४०. मूळ पेट्रोल इंजिन, ते २.२ लिटरचं हरिकेन, ४००० आरपीएमला ७५ हॉर्सपॉवर देणारं, त्याच्यासाठी ५.३८ बरोबर होता. तुमचं इंजिन जुन्या चालीचं डायरेक्ट इंजेक्शन डिझेल असेल आणि ३००० च्या आसपास गव्हर्नरवर अडत असेल तर ५.३८ ला गाडी ७३-७४ च्या वर जाणारच नाही आणि ६० ला सुद्धा ओरडत चालेल. ४.८८ ला तीच ८१ पर्यंत, ४.२७ ला ९२ पर्यंत. म्हणजे मिस्त्री खोटं बोलत नाहीये, डिझेलला लांब रेशो मानवतोच.

पण दुसरी बाजू पण बघा. तीन स्पीडचा टी-९० गिअरबॉक्स असेल तर पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६. सगळ्याचा गुणाकार केला तर ५.३८ ला ३७ पट जोर मिळतो, ४.८८ ला साडेतेहतीस, ४.२७ ला साडेएकोणतीस. हा फरक तुम्हाला हायवेला नाही समजणार, तोरणमाळच्या घाटात किंवा पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली ओढताना समजेल, क्लचच्या वासावरून. आणि ९२ चं म्हणाल तर ८० इंची व्हीलबेस, म्हणजे दोन मीटरला जेमतेम, चारही ड्रम ब्रेक, त्यावर ९२ ने कशाला जायचं? माझं मत विचाराल तर चोपडा-यावल-रावेर भागातल्या शेतावर आणि सातपुड्यात चालणाऱ्या डिझेल सीजे ला ४.८८ सगळ्यात बरा. शिरपूरहून सेंधव्याकडे बिजासन घाटाने नेहमी जाणं-येणं असेल, शेतीचं काम काहीच नसेल, तर ४.२७ चा विचार करा. नुसती रडते म्हणून आक्सल बदलताय आणि इंजिन परत पेट्रोल करायचा विचार असेल तर ५.३८ सोडू नका.

आणि आता ती गोष्ट जी मिस्त्रीने तुम्हाला सांगितलीच नाही. पुढचा आक्सल. ह्या जीपमधे मधे डिफरन्शियल नाही, फोर-व्हील टाकला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर एकमेकांना पक्के बांधले जातात, दोघं एकाच स्पीडने फिरणार म्हणजे फिरणार. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ राहिला तर फरक दहा टक्क्यांचा. गाडी एक मीटर पुढे सरकली की पुढची आणि मागची चाकं दहा सेंटीमीटरने भांडतात. डांबरावर ते भांडण टायर घासून संपत नाही, ते प्रोपेलरमधे, ट्रान्सफर केसच्या गिअरमधे आणि क्रॉसमधे पीळ भरत जातं, शेवटी लिव्हर निघत नाही नाहीतर काहीतरी कडकन तुटतं. चिखलातसुद्धा दहा टक्के चालत नाही. एकाच टक्क्याच्या आत फरक असेल तर भुसभुशीत जमिनीवर चालून जातं, त्याच्यावर नाही.

म्हणून तीन रस्ते आहेत. एक, त्याच भंगार गाडीचा पुढचा आक्सल पण घ्या, जोडी एकत्र, आणि दोन्हीचा रेशो खडूने मोजून. हा सगळ्यात सरळ. दोन, तुमची ५.३८ ची क्राऊन-पिनियन शाबूत असेल तर तीच नव्या हाऊसिंगमधे बसवा, पण हाऊसिंग एकाच जातीचं पाहिजे. डाना ४४ जातीच्या आक्सलमधे डिफरन्शियलची केस दोन प्रकारची येते, ३.९२ आणि वरच्या रेशोला एक, ३.७३ आणि खालच्या रेशोला दुसरी, कारण क्राऊनची जाडी वेगळी. ५.३८, ४.८८ आणि ४.२७ तिन्ही एकाच गटात असल्यामुळे तुमच्या बाबतीत जमायला हरकत नाही, पण ३.७३ वाला आक्सल कोणी गळ्यात मारत असेल तर त्याच्यात तुमची क्राऊन बसणार नाही. तीन, पुढचा प्रोपेलर काढून ठेवा, गाडी टू-व्हील म्हणून वापरा, आणि फोर-व्हीलचा लिव्हर बांधून टाका म्हणजे चुकून पोराने ओढला तरी हलायला नको. तिसरा रस्ता मला आवडत नाही, पण पैशाची सोय होईपर्यंत चालेल.

क्राऊन-पिनियन हलवणार असाल तर जोडीचा नंबर बघा, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, एकाची क्राऊन दुसऱ्याची पिनियन असं चालत नाही. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी), बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर डायल गेज लावून, पिनियनचा प्रिलोड, आणि शेवटी दातांना रंग लावून फिरवून ठसा बघायचा, ठसा दाताच्या मधोमध पाहिजे. डायल गेज नाही, हाताने हलवून अंदाज घेतो असं म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका भो, कितीही जुना मिस्त्री असो. नवीन आवाज घेऊन परत याल.

आता बसवण्याचं. आधी मापं घ्या, दोन्ही आक्सलची, एकाच कागदावर समोरासमोर. ड्रमच्या बसायच्या तोंडापासून तोंडापर्यंत रुंदी. पाट्यांच्या बैठकींचं मधलं अंतर. डिफरन्शियल मध्यापासून किती उजवीकडे आहे ते. हे शेवटचं फार महत्त्वाचं कारण जीपच्या ट्रान्सफर केसचा आउटपुट उजव्या बाजूला सरकलेला असतो म्हणून मागचं डिफरन्शियल पण उजवीकडे असतं. कोणी तुम्हाला टू-व्हील ड्राइव्ह गाडीचा, मधोमध डिफरन्शियल असलेला आक्सल देत असेल तर प्रोपेलर वरून बघताना तिरपा जाणार, आणि ८० इंची गाडीत मागचा प्रोपेलर आधीच आखूड, तो तिरपा झाला की क्रॉसचा जीव जातो. मग चाकाच्या बोल्टचं वर्तुळ, जीपला पाच बोल्ट साडेपाच इंचावर, ते जुळलं नाही तर पुढे एक आणि मागे एक रिम होईल आणि स्टेपनी एकाच टोकाला चालेल.

पाट्यांच्या बैठका सरकवायच्या असतील तर इथे वेल्डिंग येतं, आणि जुने आक्सल वाकडे होतात ते इथेच. हाऊसिंगचा मधला भाग ओतीव, त्यात दोन्हीकडून नळ्या दाबून बसवलेल्या. नळीच्या एकाच बाजूला लांबच लांब वेल्डिंग मारलं की नळी गार होताना त्या बाजूला ओढली जाते. शाफ्ट, बेअरिंग, सील आधी बाहेर काढा. बैठक टाचून घ्या, आक्सल गाडीखाली लावून चारही मापं परत तपासा, मग खाली उतरवून छोटे छोटे टाके, एक डावीकडे एक उजवीकडे, मधे हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. अर्थिंगची केबल हाऊसिंगलाच, वेल्डिंगच्या जवळ लावा. पाणी ओतून गार करू नका. आपल्याकडे एप्रिल-मे मधे भुसावळच्या उन्हात लोखंडाला हात लावता येत नाही, तेव्हा हे काम सकाळी करा, घाई कमी होते.

बैठक पक्की वेल्ड करायच्या आधी पिनियनचा कोन ठरवायचा. हा भाग सगळ्यात जास्त लोक सोडून देतात म्हणून थोडं थांबून सांगतो. साधा क्रॉस वाकलेल्या अवस्थेत फिरला की क्रॉसच्या पलीकडचा शाफ्ट एका चक्करमधे दोनदा जोरात आणि दोनदा हळू जातो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असला तर तो फरक पुसून काढतो. म्हणून ट्रान्सफर केसचा फ्लॅन्ज आणि पिनियनचा फ्लॅन्ज बाजूने बघितल्यावर एकमेकांना समांतर पाहिजेत. मोबाइलमधलं कोन मोजायचं ऍप चालतं, फ्लॅन्जच्या तोंडावर सपाट पट्टी धरून. समजा ट्रान्सफर केस मागच्या बाजूला ४ अंश खाली झुकलेली आहे तर पिनियनचं नाक ४ अंश वर पाहिजे. त्यातून एक-दोन अंश नाक खाली ठेवा, कारण पाट्यांवरचा आक्सल जोर लागला की नाक वर उचलतो, आणि डिझेल खालच्या आरपीएमला जास्तच उचलतं. डिझेल टाकताना इंजिनच्या बैठकी बदलल्या असतील तर तुमच्या ट्रान्सफर केसचा कोन मूळ गाडीसारखा राहिलेलाच नसणार, त्यामुळे पुस्तकातला आकडा धरू नका, तुमच्याच गाडीवर मोजा.

थोडा फरक राहिला तर पाटा आणि बैठक ह्यांच्यामधे पोलादी पाचर टाकतात. जीपमधे पाटे आक्सलच्या खालून जातात, त्यामुळे पिनियनचं नाक वर करायचं तर पाचरीची जाड बाजू पुढे. ऍल्युमिनियमची पाचर टाकू नका, चिरडते आणि यू-बोल्ट ढिले होतात. यू-बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेला बोल्ट परत तेवढी पकड देत नाही. आणि सगळं आवळल्यावर दोन्ही बाजूने पाट्याच्या पुढच्या पिनपासून आक्सलपर्यंत अंतर मोजा. डावं-उजवं सारखं नसेल तर गाडी रस्त्याने तिरपी जाईल आणि मग लोक पुढच्या अलाइनमेंटच्या मागे लागतात.

प्रोपेलर शाफ्ट. भंगारातला जो सोबत मिळतोय तो बहुतेक लांब असेल, एमएम५४० चा व्हीलबेस ९१ इंच आणि तुमचा ८०. त्यामुळे ‘सोबत प्रोपेलर पण देतो’ ह्याला भुलू नका, तो कापावाच लागणार. माप गाडी चारही चाकांवर उभी असताना घ्यायचं, घोडीवर टांगलेली असताना नाही, कारण आक्सल लोंबकळला की अंतर बदलतं. फ्लॅन्जपासून फ्लॅन्जपर्यंत. सरकणारा भाग ह्या अवस्थेत साधारण एक तृतीयांश बाहेर असावा, म्हणजे पाटा दबला तर आत जायला जागा आणि लोंबला तर बाहेर निघून जाणार नाही. दोन्ही टोकाला तपासा, मागे चार माणसं बसवून आणि मग चॅसिस उचलून.

कापून जोडताना दोन गोष्टी. दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत पाहिजेत, एक दात चुकून बसवला तरी वरचा सगळा कोनाचा हिशोब वाया. आणि नळी लेथवर सरळ करून, मग बॅलन्सिंग मशीनवर चढवून वजन चिकटवलेलं पाहिजे. धुळे-जळगावला हायवेच्या कडेला ट्रकच्या प्रोपेलरची कामं करणारे मिळतील, देण्याआधी त्यांच्याकडे बॅलन्सिंग मशीन आहे का ते बघून घ्या. क्रॉसचा साईज दोन्ही टोकांना वेगळा निघू शकतो, तुमच्या ट्रान्सफर केसचा जुना छोटा आणि नव्या पिनियनचा मोठा. कपाचा व्यास आणि क्रॉसची लांबी व्हर्नियरने मोजा. जुळत नसेल तर फ्लॅन्ज बदला, कप घासून बसवायचा उद्योग करू नका.

ब्रेकचं पण बघावं लागतं. मागचे ड्रम मोठे आणि पुढचे जुने ९ इंची राहिले तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात, ओल्या रस्त्याला आखूड गाडी गरकन फिरते. शिवाय मागचे व्हील सिलिंडर मोठे असतील तर जुन्या मास्टर सिलिंडरला तेवढं तेल ढकलायला पॅडल जास्त खाली जातं. म्हणून पुढच्या आक्सलची जोडी घ्यायचं हे दुसरं कारण, ब्रेक पण जोडीचे येतात. जुनी ब्रेकची रबरी नळी परत लावू नका, ती शंभर-दोनशे रुपयांसाठी ठेवायची वस्तू नाही.

स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो, त्यामुळे रेशो बदलला की खोटं दाखवेल. ५.३८ चा ४.२७ केला तर खरे ६० असताना काटा ४७-४८ वर राहील. चालवणाऱ्या सगळ्यांना घरात सांगून ठेवा.

टेपरवालाच आक्सल ठेवायचा ठरवलात, म्हणजे नवीन शाफ्ट, नवीन हब, जुनंच हाऊसिंग, तर तो पण चांगला रस्ता आहे आणि गाडी मूळ राहते. हब काढताना पुलरच, आणि नट पूर्ण काढू नका, टोकाला दोन आटे राहू द्या, कारण हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा सुटतो. बॅकप्लेटच्या मागचे शिम किती आणि कुठल्या बाजूचे ते बांधून ठेवा, शाफ्टचा एंड प्ले (आत-बाहेर हलायची मोकळीक) त्यांच्यावर आहे. बसवताना टेपर कोरडा आणि साफ, ग्रीस ऑईल काही नाही. नट किमान १५० फूट-पाउंड, म्हणजे साधारण २१ किलोग्रॅम-मीटर, टॉर्क रेंचने, आणि कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर अजून आवळायचा, मागे घ्यायचा नाही. शे-दोनशे किलोमीटरनंतर परत तपासायचा. तुमचा हब ढिला झाला त्याचं कारण बहुतेक हेच, कोणीतरी पान्याने अंदाजाने आवळून पिनसाठी नट थोडा मागे घेतला असणार.

ऑईल आक्सलमधे हायपॉइडचं, ईपी ९० जीएल-५. पण तेच ऑईल गिअरबॉक्समधे टाकू नका, तिथे पितळी सिंक्रो रिंगा आहेत, तिथे जीएल-४. आणि ब्रीदर (आक्सलमधली हवा बाहेर जायची वाट) साफ करा. काळी माती चिकटून ब्रीदर बंद होतो, उन्हात आक्सल तापला की आत दाब होतो आणि ऑईल सीलमधून ब्रेक लायनरवर येतं. आपल्या भागात नवीन सील टाकून पण परत गळतं म्हणून जे येतात त्यांच्यात बऱ्याच जणांचा ब्रीदरच बंद सापडतो.

कागदाचं पण बघून घ्या. गाडीला ५० वर्षं होऊन गेलीत, २०२१ च्या नियमाप्रमाणे ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीला २०,००० रुपये फी, नोंदणी १० वर्षांची. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसिस, बॉडी, इंजिनमधे मोठा बदल नको, आणि तशी नोंदणी झाल्यावर रोजच्या वापराला, शेताला ती चालवता येत नाही, प्रदर्शन-रॅली वगैरेलाच. तुमच्यात डिझेल आहे म्हणजे आज तरी तो रस्ता बंदच आहे, आणि डिझेलची नोंद आरसी बुकात आहे का ते आधी बघा, नसेल तर आरटीओत ते पहिलं काम. पण उद्या पोरांना गाडी मूळची करावीशी वाटली तर मूळ आक्सल लागेल. म्हणून जुना आक्सल मिस्त्रीला बदल्यात देऊ नका, तो नक्की मागेल, नाही म्हणा. चॅसिसला कुठे काही कापू नका, जे बदल करायचे ते नव्या आक्सलवरच करा.

आखाजीचं म्हणाल तर, रेशो आणि मापं ह्याच आठवड्यात मोजून घ्या, जोडी जुळली आणि प्रोपेलरवाला वेळेत मिळाला तर होईल. पुढचा आक्सल मिळाला नाही तर तेवढ्यासाठी थांबू नका, पुढचा प्रोपेलर काढून गाडी सुरू करा. पहिले ५० किलोमीटर ४० च्या आत चालवा, मग उतरून दोन्ही हबला आणि डिफरन्शियलच्या पुढच्या नाकाला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय, तिथेच थांबा. १०० किलोमीटरला यू-बोल्ट आणि प्रोपेलरचे बोल्ट परत आवळा, ५०० ला आक्सलचं ऑईल काढून बोटावर घेऊन बघा, बारीक करडा चुरा चालतो, चकाकणारे कण दिसले तर कव्हर परत खोला. आणि जुना आक्सल घरी ठेवताना त्याच्यात ऑईल भरून, दोन्ही टोकांना ग्रीस लावून, प्लास्टिक बांधून कोरड्या जागी आडवा ठेवा, शिम आणि चाव्या एका डब्यात घालून त्यालाच बांधा.